पाण्यावरचा एक किलोमीटर

बिघाड होणं कोणाच्याच हातात नसतं. तो कुठे झाला हे मात्र ठरवता येतं. सगळी प्रगत कार्यालयं याच तत्त्वावर उभी आहेत, आणि त्यात आमचं कार्यालय कोणाला हार जाणारं नाही. वादळ, माकडं, पतंगाचा मांजा, उसाने लादलेली ट्रॉली यांच्यावर आमचा अधिकार चालत नाही. पण वादळाने तार नेमकी कोणाच्या हद्दीत तोडली, हा निर्णय मी सोलापुरात, माझ्या टेबलाशी, पंख्याखाली बसून घेत आलो. मी वेणीमाधव, वीजवाहिन्यांच्या चाचणी विभागाचा उपअभियंता. लोक मला मृदू स्वभावाचा म्हणतात. माझं सगळं तंत्रज्ञान या स्वभावावरच आधारलेलं आहे.

टेंभुर्णीच्या पुढे माझ्या विभागाच्या ताब्यातलं एक उपकेंद्र आहे (नाव सांगायची परवानगी मागितली आहे, आली की सांगेन). तिथून तेहतीस हजार व्होल्टची एक वाहिनी निघते, अलीकडच्या गावांना वीज देत उजनीच्या फुगवट्यापाशी येते, पाण्यावरून पलीकडे जाते आणि तिकडच्या केळीच्या बागांत संपते. वाहिनी बंद पडली की उपकेंद्रातलं एक यंत्र पडद्यावर आकडा दाखवतं: फॉल्ट इतक्या किलोमीटरवर. (फॉल्टला मराठीत दोष असा शब्द आहे. पण दोष म्हटलं की तो कोणाचातरी होतो, म्हणून आम्ही फॉल्टच म्हणतो.)

यंत्राला हे कसं कळतं? वीज वाहताना तार जी आडकाठी करते तिला इम्पीडन्स म्हणतात. तार जितकी लांब, तितकी आडकाठी जास्त. फॉल्ट झाला की यंत्र तिथपर्यंतची आडकाठी मोजतं आणि दर किलोमीटरच्या आडकाठीने तिला भागतं. आता ही दर किलोमीटरची किंमत यंत्राला कोणीतरी आधी सांगून ठेवावी लागते. ते कोणीतरी म्हणजे मी. चादरीच्या दुकानात गज मालकाच्या हातात असतो, तसंच हे. गज आखूड केला की चादर लांब भरते. चादरीला त्यातलं काही कळत नाही.

खरी किंमत मोजून काढायची रीत आहे, आणि ती पुस्तकात आकृतीसह दिली आहे. वाहिनी बंद ठेवायची, पलीकडच्या टोकाला तारा एकत्र बांधून जमिनीला जोडायच्या, अलीकडच्या टोकाने थोडा करंट सोडायचा आणि मोजायचं. अडचण एवढीच, की त्यासाठी अलीकडच्या आणि पलीकडच्या सेक्शनचे दोन्ही साहेब एकाच दिवशी हजर लागतात. माझ्या कारकिर्दीत असा दिवस उगवला नव्हता. म्हणून आमच्याकडे किंमत मोजत नसत, ठरवत असत. सुरुवातीची किंमत सांगोल्याकडच्या एका वाहिनीवरून उतरवून घेतली होती. ती वाहिनी माळावरून सरळ जाते, आमची वळणं घेत पाण्यावरून. तिची तार निराळी, खांब निराळे. पण तिच्या कागदावरचं अक्षर फार सुवाच्य होतं.

आता आमच्या मासिक आढावा बैठकीबद्दल सांगितलं पाहिजे. ज्याच्या हद्दीत फॉल्ट, त्याने उभं राहून खुलासा द्यायचा, आणि दुसऱ्या कोणाच्या हद्दीतला फॉल्ट निघेपर्यंत बसायचं नाही, अशी प्रथा आहे. ती कोणी पाडली हे कोणाला माहीत नाही. विचारायला उभं राहावं लागेल म्हणून कोणी विचारत नाही.

पलीकडच्या सेक्शनचे विरुपाक्ष अक्कलकोटकडचे. निवृत्तीला आलेले, गुडघ्याने अधू. एका बैठकीनंतर ते लंगडत माझ्या टेबलाशी आले. "फॉल्ट ब्याड्री साहेब, ब्याड," ते हात जोडून म्हणाले. (त्यांची विनंती कन्नडमधून निघते आणि मराठीत येईपर्यंत आणखी नरम होते.) "नको हो मला फॉल्ट. उभं राहिलो की गुडघा दोन दिवस झोपू देत नाही."

गुडघ्यापुढे इम्पीडन्सचं काय मोठं? मी दर किलोमीटरची किंमत थोडी वाढवली. किंमत वाढली की अंतर कमी भरतं. पलीकडचे सगळे फॉल्ट पाणी ओलांडून अलीकडे आले.

अलीकडच्या सेक्शनचा अभिमन्यू तरुण पोरगा. त्याचं लग्न ठरत होतं आणि मुलीचे वडील आमच्याच कार्यालयात, लेखा शाखेत, बैठकीत बरोबर त्याच्यासमोर बसणारे. पुढच्या महिन्यात तो आला. "सर, ते मला बघतात तेव्हा मी उभाच असतो," तो म्हणाला. "त्यांनी घरी सांगितलंय, मुलगा उंचीला बरा आहे, पण नोकरीत काहीतरी गडबड दिसते."

मला नाही म्हणता येत नाही. मी किंमत कमी केली. फॉल्ट परत पलीकडे गेले. मग गुडघा आला, मग लग्न आलं, मग पुन्हा गुडघा. एका बाजूला म्हातारपण, दुसऱ्या बाजूला संसार, आणि मधे मी आणि माझी दशांश चिन्हं. असं किती दिवस चालणार? कोणाचंच मन मोडणार नाही अशी किंमत शोधली पाहिजे, हे माझ्या मनाने घेतलं. लोक अशा वेळी देवळात जातात. मी यंत्राची माहितीपुस्तिका उघडली.

यंत्र चांगल्या प्रतीचं होतं. वाहिनीचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याची वेगळी किंमत त्याला सांगता येते, कारण सगळीकडे एकच तार असेल असं नाही, हे ते बनवणाऱ्यांनी समजुतीने गृहीत धरलं होतं. मी अलीकडच्या अकरा किलोमीटरची आडकाठी जवळजवळ शून्य लिहिली. पलीकडच्या नऊ किलोमीटरचीही तशीच लिहिली. आणि राहिलेली सगळीच्या सगळी मधल्या, पाण्यावरच्या एका किलोमीटरला देऊन टाकली. आता तार कुठेही तुटो, यंत्राच्या मते ती पाण्यावरच तुटणार होती. आणि पाणी कोणत्याच सेक्शनच्या हद्दीत येत नाही. (ते दुसऱ्या खात्याचं. त्या खात्याला आम्ही बैठकीला बोलावत नाही.)

त्या महिन्याच्या बैठकीत पहिल्यांदाच सगळे जण बसलेले होते. फॉल्टची आकडेवारी वाचून दाखवली गेली: अलीकडे शून्य टक्के, पलीकडे शून्य टक्के, पाण्यावर शंभर टक्के. दोन्ही सेक्शनना मिळून एक ढाल देण्यात आली. विरुपाक्ष गुडघ्याला तेल लावायचे बंद झाले. अभिमन्यूचं लग्न झालं. मी आहेर म्हणून भिंतीवरचं घड्याळ दिलं, पण खरा आहेर कोणता ते आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. माझ्या टेबलावरची दोन माणसं सुखी झाली होती. विजेच्या खात्यात राहून माणसाने आणखी काय करायचं असतं?

फॉल्ट सापडायला मात्र थोडा जास्त वेळ लागू लागला. पूर्वी माणसं यंत्राच्या आकड्याच्या आसपास शोधून तार जोडत. आता ती आधी पाण्यावर जात, होडी मागवत, वर बघत, वर काही नाही असं बघून परत येत आणि मग पहिल्या खांबापासून चालत शोधायला लागत. सकाळी गेलेली वीज संध्याकाळी येई. पण ती येई हेही खरं आहे.

पाण्याच्या अलीकडच्या काठावर, बरोबर आमच्या तारेखाली, चिंचपट्टी नावाचं गाव आहे. गावाच्या टोकाला बायकांच्या बचत गटाचं मत्स्यबीज केंद्र आहे, आणि त्याची प्रमुख सोनाबाई. केंद्र म्हणजे एक पत्र्याची शेड, ताडपत्रीचे सहा हौद, आणि हौदांत बोटाएवढी कटला-रोहूची पिल्लं. ती मोठी झाली की धरणात मासे धरणारी माणसं आणि शेततळीवाले ती घेऊन जातात. एवढ्याशा पाण्यात एवढी पिल्लं जगतात ती हवेच्या पंपावर, आणि पंप चालतो आमच्या विजेवर. वीज गेली की थोड्या वेळात पिल्लं वर येऊन तोंडं उघडतात. मग गटातल्या बायका ताटल्या, तपेली, हाताला येईल ते घेऊन पाणी मारत बसतात. पाणी खळबळलं की त्यात हवा जाते. (ही पद्धत संपूर्ण वीजबचतीची असून तिची नोंद आमच्या कोणत्याही अहवालात नाही.) त्यांच्याकडे इन्व्हर्टर होता. आमच्या पाण्यावरच्या फॉल्टांनी त्याला अकाली म्हातारपण आणलं.

सोनाबाई मला फोन करायची.

"साहेब, लाईट कवा यायची? पिल्लं वर आल्यात."

"शोध चालू आहे," मी म्हणायचो, आणि ते खरंच असायचं.

"कुटं?"

"तुमच्याच गावापाशी. पाण्यावर."

"मी हितं पाण्यापाशीच बसलीया की साहेब! तार तर धडधाकट दिसतीया."

"यंत्रापेक्षा तुम्हाला जास्त दिसतं का?" असं मी मृदूपणे विचारायचो. मग मला वाईट वाटायचं. ते मी फोन ठेवेपर्यंत टिकवायचो.

पाण्यावर शंभर टक्के हा आकडा हळूहळू आमच्या मोठ्या साहेबांच्या नजरेत भरला. शंभर टक्के या गोष्टीचं त्यांना मुळात प्रेम. त्यांनी कारणं शोधायला समिती नेमली आणि सदस्य-सचिव म्हणून मला घेतलं, कारण या विषयाचा माझ्याइतका अभ्यास कोणाचाच नव्हता. समितीचं तर्कशास्त्र निर्दोष होतं. फॉल्ट फक्त चिंचपट्टीपाशी होतात. तर चिंचपट्टीत असं काय आहे जे इतरत्र नाही? मासे. माशांच्या वासाने काय येतं? पाणकावळे. पाणकावळे कुठे बसतात? तारेवर. बसून काय करतात? ओले पंख पसरून वाळवतात. पलीकडे केळीच्या बागांत पाणकावळे नाहीत आणि तिथे फॉल्टही शून्य, या पुराव्यापुढे तर बोलायला जागाच नव्हती. समितीने एका पाणकावळ्याची जागेवर जाऊन पाहणीही केली. तो उडून गेला, ही गोष्ट त्याच्याविरुद्ध धरण्यात आली.

शिफारस अशी: वाहिनीच्या सुरक्षेसाठी मत्स्यबीज केंद्राचा वीजपुरवठा कायमचा तोडावा आणि हौद काठावरून हलवावेत. नोटिशीचा मसुदा मीच लिहिला. भाषा छान उतरली होती. ती टाईप होत असताना एक वाक्य बोलून मी सगळं थांबवू शकलो असतो. पण त्या वाक्याची सुरुवात 'मी'ने करावी लागत होती, आणि कार्यालयीन मराठीत तशी सुरुवात करण्याची पद्धत नाही.

सुनावणी जागेवरच, चिंचपट्टीत, सोनाबाईच्या शेडमध्ये ठेवली होती. मोठे साहेब, मी, विरुपाक्ष, अभिमन्यू आणि गटाच्या सगळ्या बायका. (दोन्ही सेक्शनचे साहेब एकाच दिवशी हजर होते. मोजणीसाठी जे कधी जमलं नाही ते नोटिशीने जमलं.) बाहेर उन्हाळ्याचा वारा सुटला होता. मोठ्या साहेबांसाठी गटाने एक टेबलफॅन आणून ठेवला होता.

सोनाबाई उभी राहिली. ती उभी राहिली आणि आम्ही बसलेलो होतो, हे मला उगीचच खटकलं. "साहेब, वीज तोडली तर ही पिल्लं तासाभरात मरत्यात," ती म्हणाली. "ही पिल्लं म्हंजी आमा बारा बायकांचं वरीस हाय. आमी पाखरं हाकलतो. जाळी लावतो. सांगाल ते करतो. पर वीज तोडू नका."

मोठे साहेब घसा खाकरून म्हणाले, "बाई, हा भावनेचा नाही, आकडेवारीचा प्रश्न आहे," आणि एवढ्यात फॅन थांबला. मग पंपांची घरघर थांबली.

"बघा!" मोठे साहेब खुर्चीतून उठले. त्यांना झालेला आनंद त्यांनी लपवला नाही. "आपल्या डोळ्यांदेखत! चला बाहेर!" आम्ही सगळे अधिकारी बाहेर जाऊन वर बघू लागलो. तारेवर एक पाणकावळा होता. मोठे साहेब त्याच्याकडे बघत होते, तो मोठ्या साहेबांकडे बघत होता. दोघांचंही व्यवस्थित चाललं होतं.

वर न बघणारी एकटी सोनाबाई. "वर काय बगताय? पिल्लं मरत्याल! या हितं, मारा पाणी!" तिने मला धरून आत नेलं आणि हातात एक ताटली दिली. विरुपाक्षांना तपेली, अभिमन्यूला झाकण, मोठ्या साहेबांना परात. (भांड्यांचं वाटप सेवाज्येष्ठतेनुसार झालं नाही, ही त्रुटी मी नोंदवून ठेवतो.) बायका आधीच हौदांवर वाकल्या होत्या. आम्हीही वाकलो.

पिल्लं मी पहिल्यांदाच जवळून पाहिली. सगळी वर आली होती, एकमेकांना खेटून, तोंडं उघडी टाकून, अजिबात आवाज न करता. फोनवर ती कधी ऐकू आली नव्हती, कारण ती बोलतच नाहीत. मी जोरजोराने पाणी मारू लागलो.

तेवढ्यात माझ्या खिशातला फोन वाजला. हात पाण्यात होते. सोनाबाईने एका हाताने पाणी मारत दुसऱ्या हाताने तो ओढून काढला आणि बटण दाबलं. फोन स्पीकरवर गेला. उपकेंद्रातला ऑपरेटर धोंडीराम सगळ्या शेडला ऐकू येईल असा बोलला.

"साहेब, लाईन गेलीया. यंत्र शून्य दाखवतंय. शून्य किलोमीटर."

"असं कसं?" मी म्हणालो. "अकराच्या पुढे पाहिजे."

हे वाक्य मी म्हणायला नको होतं.

माझ्या रचनेत एक फट होती. तार कितीही लांब असो, किंमत काहीही घाला, फॉल्ट जर उपकेंद्राच्या अगदी दारातच झाला तर मधे तारच येत नाही. मग आडकाठी शून्य, आणि शून्याला कशानेही भागलं तरी शून्यच. बाकी सगळ्या जगातले फॉल्ट मला पाण्यात ढकलता येत होते. आपल्या दारातला तेवढा येत नव्हता.

"यंत्र बिघडलं असेल," मी पाणी मारत म्हणालो.

"यंत्र बरं हाय साहेब. मी खिडकीतनं बगतोय की. गेटातली आपली नीलगिरी वाऱ्यानं तारेला टेकलीया. धूर निघतोय."

उपकेंद्राच्या फाटकात, पहिल्या खांबाशेजारी, मी पर्यावरण दिनी स्वहस्ते एक नीलगिरी लावली होती. फोटोत खांबही यावा म्हणून जागा मीच निवडली. तिला माझ्या नावाची पाटी आहे. दर पावसाळ्याआधी तारेखालची झाडं छाटतात. ही तेवढी आदराने सोडून देतात.

"मग तोड ना फांदी!"

"तोडली असती. पर पाटी हाय तुमच्या नावाची. मागच्या साली एक फांदी तोडली तवा तुमी मला मेमो दिला व्हता."

"लाईन बंद कर, अर्थिंग कर आणि तोड!"

"लेखी देणार का साहेब?"

मी उभ्या आयुष्यात एवढ्या मोठ्याने बोललो नव्हतो. "तोड रे बाबा! मुळापासून तोड! हितं पिल्लं मरायला लागलीत!" चिंचपट्टीच्या मातीचा परिणाम असावा, 'हितं' माझ्या तोंडून त्याआधी कधी निघालं नव्हतं.

मोठ्या साहेबांची परात थांबली. "फॉल्ट तुमच्या दारात आहे?"

"होय."

"मग ते अकराच्या पुढे पाहिजे म्हणजे काय?"

मी ताटलीकडे बघत म्हणालो, "पाण्यावर मीच ठेवले होते साहेब. सगळे." विरुपाक्ष आणि अभिमन्यू यांनी नेमक्या त्याच वेळी दुप्पट जोराने पाणी मारायला सुरुवात केली, त्यामुळे त्यांना काही ऐकू आलं नाही.

सोनाबाईला आलं. "म्हंजी पाखराचं काय न्हाय?"

"नाही."

"माशांचं बी न्हाय?"

"नाही."

"मग इतकं दिस आमी ह्या ताटल्या कुणापायी मारल्या?"

माझा हात थांबला होता.

"हात थांबवू नगा," सोनाबाई म्हणाली.

वीज आली तेव्हा पाच हौद वाचले होते. सहावा कोपऱ्यात होता. तिथे हात कमी पडले. पिल्लं पांढरी पोटं वर करून तरंगत होती. सोनाबाईने पिठाची चाळणी आणली आणि ती एकेक ओंजळ काढून टाकली. मला काही बोलली नाही. बोलली असती तर मी काहीतरी स्पष्टीकरण दिलं असतं. मला फार लाज वाटली. ती या उपरोधिक लेखात कुठे बसवायची ते कळत नाही, म्हणून आहे तिथेच ठेवतो.

नोटिशीचं पुढे काय झालं असं कोणी विचारेल. जावक क्रमांक पडलेली नोटीस मागे घेता येत नाही; ती फक्त प्रलंबित ठेवता येते. आमच्याकडे जे प्रलंबित होतं त्याला मरण नाही, तेव्हा केंद्राची काळजी मिटली. मोठ्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं. आत काय झालं ते मी लिहिणार नाही, पण बाहेर आल्यावर मी वाहिनी बंद ठेवली, दोन्ही टोकांना दोन्ही साहेब उभे केले आणि इम्पीडन्स मोजला. मग यंत्रात खऱ्या किमती घातल्या. नीलगिरीचं खोड सोनाबाईच्या शेडला तुळई म्हणून आडवं बसलंय. पाटी तशीच आहे. ती काढायला कोणाची परवानगी लागते ते ठरायचं आहे.

आता तार तुटली की माणसं सरळ तिथे जातात आणि वीज लवकर येते. याचे दुष्परिणामही आहेत. बैठकीत विरुपाक्ष खुर्चीची पाठ धरून उभे असतात आणि माझ्याकडे बघत नाहीत. अभिमन्यू उभा असतो, समोर त्याचे सासरे बसलेले असतात, पण आता त्यांना काही करता येत नाही. आणि सगळ्यात आधी उभा राहतो तो मी, कारण दारातला फॉल्ट माझ्या नावावर लागलाय. सोनाबाईचा फोन येत नाही. मी एकदा आपण होऊन केला. "पंप चालू हाय," म्हणाली, आणि ठेवला.

जुन्या किमती मी पुसून टाकल्या, पण फॉल्ट दुसरीकडे ढकलणाऱ्या तशा किमतींची मागणी थांबलेली नाही. एका शाळेचे मुख्याध्यापक विचारून गेले, एका सोसायटीचे सेक्रेटरी आले, वाटणीत भांडणारे दोन सख्खे भाऊ तर एकाच दिवशी वेगवेगळे आले. मी सगळ्यांना नाही म्हणायला शिकतो आहे.

तुम्हीही हे वाचताना मधे कुठेतरी हसला असाल, आणि "अगदी आपल्या अमक्यासारखा आहे हा" असं म्हणून एखादा माणूस तुम्हाला आठवला असेल. तो तुमच्यापासून किती किलोमीटरवर राहतो? आकडा मोठ्याने सांगू नका. शून्य आला नसेल, तर तुमच्या यंत्रातल्या किमती माझ्याच हातच्या दिसतात.